समितीचा सल्ला आणि प्राचार्यांचं लेखी उत्तर

गेल्या अंकात एका ग्रंथालय परिचराच्या पत्राला उत्तर देताना मी या सदरात लिहिलं होतं, की महाविद्यालयातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना रोजच्या कामाबद्दल बोलायला एक ठरलेली जागा हवी. पगाराचं बोलायला संघटना आहे, कामाचं बोलायला कुणी नाही. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: अशी सल्लागार समिती नेमायची कशी आणि ती टिकवायची कशी? म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. मी एका अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि प्रबंधक म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या उत्तरार्धात आमच्याकडे अशी समिती चालली, आणि तिनं कार्यालयाचं काम बदललेलं मी पाहिलं आहे.

प्रश्न: मी ग्रामीण भागातल्या एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य आहे. शिक्षकेतर मंजूर पदं ३४, त्यातली भरलेली १९. उरलेलं काम कंत्राटी आणि रोजंदारी माणसांवर चालतं. प्राध्यापकांच्या बैठका नियमित होतात. कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि शिपाई वर्गाचं म्हणणं मात्र माझ्यापर्यंत तक्रार होऊनच येतं. त्यांची सल्लागार समिती नेमावी असं मनात आहे. कायद्यात बसेल का? आणि नेमकी सुरुवात कुठून करू?

सर, आधी कायद्याचं सांगते, कारण संस्थाचालक पहिल्यांदा तेच विचारतील.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. जुन्या, १९९४ च्या कायद्यात तिच्या जागी स्थानिक व्यवस्थापन समिती होती. विकास समितीत व्यवस्थापनाचे अध्यक्ष, सचिव, एक विभागप्रमुख, निवडून आलेले तीन शिक्षक, चार स्थानिक सदस्य, आयक्यूएसीचे, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव आणि सदस्य-सचिव म्हणून तुम्ही स्वतः असता. शिक्षकेतरांचा प्रतिनिधी एक, तोही नियमित कर्मचाऱ्यांनी आपल्यातून निवडलेला. मुख्य लिपिकापासून प्रयोगशाळा परिचर आणि सफाई कामगारापर्यंत सगळ्यांचं म्हणणं या एका माणसानं मांडायचं, आणि समिती बसते वर्षातून किमान चार वेळा. त्या बैठकीत अंदाजपत्रक, विकास आराखडा, नवे अभ्यासक्रम असे मोठे विषय असतात. समोर संस्थेचे अध्यक्ष बसलेले असताना आमचा प्रतिनिधी गळक्या रेकॉर्ड रूमबद्दल बोलायला उठत नाही. मी अशा प्रतिनिधींच्या शेजारी बसलेली आहे, म्हणून सांगते.

सल्लागार समितीला या कायद्यात वेगळं कलम नाही, आणि तिला आडकाठी करणारंही काही नाही. प्रवेश समिती, खरेदी समिती, परीक्षा समिती तुम्ही कार्यालयीन आदेशानं नेमताच. हीही तशीच नेमता येते. माझा आग्रह इतकाच की आदेश काढण्याआधी विषय विकास समितीपुढे ठेवा आणि ठराव करून घ्या. विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्या कल्याणाच्या उपक्रमांबाबत शिफारशी करणं हे विकास समितीच्या कर्तव्यांत लिहिलेलंच आहे, त्या आधारावर ठराव सहज बसतो. ठराव असला की तुम्ही निवृत्त झाल्यावर नवे प्राचार्य समितीकडे "आधीच्या साहेबांची हौस" म्हणून पाहू शकणार नाहीत.

आता रचना. ज्येष्ठता यादी काढून वरची सात नावं घेऊ नका. तसं केलंत तर सातातले पाच कार्यालयातले निघतील आणि समिती लिपिकांची होईल. कामाप्रमाणे जागा ठरवा. तुमच्या आकाराच्या महाविद्यालयाला नऊ जागा पुरतात: कार्यालयातून दोन, ग्रंथालयातून एक, प्रयोगशाळांतून दोन आणि त्यातला एक परिचरच असावा, शिपाई-हमाल-सफाई वर्गातून तीन, कंत्राटी माणसांतून एक. नऊपैकी किमान तीन स्त्रिया असाव्यात. प्रत्येक गटानं आपला माणूस चिठ्ठीनं निवडावा. तीन-चार माणसांच्या गटातही चिठ्ठीच टाका. हात वर करून निवड केली की ज्याच्या हातात रजेचे अर्ज आहेत तोच निवडून येतो. मुदत दोन वर्षांची ठेवा, पण पहिल्या खेपेला निम्म्यांची एकाच वर्षाची, म्हणजे पुढे दर वर्षी निम्मे जुने आणि निम्मे नवे राहतील.

प्रबंधक या समितीचा अध्यक्ष नको. हे मी प्रबंधक राहिलेली बाई म्हणून ठामपणे सांगते. गोपनीय अहवालावर ज्याचा शेरा जातो, त्याच्यासमोर त्याच्याच कार्यालयाबद्दल कोण बोलेल? पण त्याला बाहेरही ठेवू नका, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या कपाटात असतात. कायम निमंत्रित म्हणून बोलवा, बैठकीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. अध्यक्ष निवडलेल्या सदस्यांनीच आपल्यातून ठरवावा आणि इतिवृत्तही त्यांच्यातल्याच एकानं लिहावं. तुम्ही स्वतः बैठकीला बसू नका.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आदेशात एक वाक्य असलंच पाहिजे: "समितीच्या प्रत्येक शिफारशीवर प्राचार्य पंधरा कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर देतील, शिफारस नाकारल्यास कारण नमूद करतील." बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल, हे वाक्य गाळू नका. मी ज्या समित्या बंद पडताना पाहिल्या, त्यांत माणसं वाईट नव्हती. पहिल्या तीन बैठका उत्साहानं झाल्या, शिफारशी वर गेल्या, आणि वरून काहीच आलं नाही. होकार नाही, नकारही नाही. चौथ्या बैठकीला निम्मे आले. पाचवी झालीच नाही, आणि मग तीच समिती निरोप समारंभाच्या शाली-श्रीफळाची सोय बघायला उरली.

लेखी नकारानं माणूस नाराज होतो, पण तुटत नाही. आमच्या शिपाई वर्गानं एकदा परीक्षेच्या काळात शनिवारी अर्धी सुट्टी मागितली. प्राचार्यांनी नाकारली आणि लिहून दिलं, की वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं, शनिवारी दुपारच्या सत्रात पेपर आहेत, त्यामुळे अर्धा दिवस देता येणार नाही. मात्र सकाळी प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायच्या वेळी हजर राहणाऱ्यांची पाळी लावता येईल. पाळी लागली. त्याआधी वर्षानुवर्षं तेच दोघं पहाटे उठून येत होते, आणि हे प्राचार्यांना माहीतच नव्हतं.

विषय कसले येतात असं तुमच्या मनात येईल, म्हणून एक प्रसंग जरा सविस्तर सांगते. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोठ्या बाटलीतलं तीव्र आम्ल छोट्या बाटल्यांत भरायचं काम परिचर करायचे, उघड्या हातांनी. रसायनांच्या वाफा बाहेर टाकणाऱ्या फ्युमिंग चेंबरचा पंखा कधीचा बंद होता. वार्षिक मागणीपत्रक विभागप्रमुख भरत. त्यात रसायनं असत, काचसामान असे, हातमोजे कधी नसत, कारण मागणीपत्रक भरणाऱ्याला बाटल्या भरायच्या नव्हत्या. समितीत निवडून आलेले परिचर सुरुवातीच्या बैठकांत गप्प बसले. मग एका बैठकीत त्यांनी नुसता तळहात पुढे केला. समितीनं हातमोज्यांची मागणी केलीच, पण शिफारस त्यापुढची लिहिली: प्रयोगशाळेच्या वार्षिक मागणीपत्रकावर विभागप्रमुखांबरोबर परिचराचीही सही असावी. प्राचार्यांनी ती मान्य केली. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रकात हातमोजे, संरक्षक चष्मे आणि पंख्याची दुरुस्ती तिन्ही आलं, आणि त्यानंतर कुणाला मागावं लागलं नाही. वस्तू एकदा मिळते, सहीचा हक्क दर वर्षी उपयोगी पडतो. चांगली शिफारस अशी असते.

कार्यालयाकडूनही असंच काही निघतं. आमच्याकडे जून-जुलैत प्रवेशाच्या रांगेतच एसटी पासच्या अर्जावर शिक्का मागणारी मुलं उभी असायची. खेड्यावरून पहिल्या गाडीनं आलेलं पोर एका शिक्क्यासाठी दुपारपर्यंत थांबायचं. खिडकीवर बसणाऱ्या लिपिकानं सुचवलं, की सकाळचा पहिला तास फक्त पास आणि बोनाफाईडसाठी ठेवा. खर्च शून्य. कुठल्याही बैठकीत प्राध्यापकांना हे सुचलं नसतं, कारण ते खिडकीच्या त्या बाजूला कधी बसलेले नाहीत. आता महाडीबीटीचे शिष्यवृत्ती अर्ज, नव्या शैक्षणिक धोरणाचे क्रेडिट, अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्यांचे शैक्षणिक ओळख क्रमांक, असं कितीतरी काम त्याच खिडकीवर येऊन पडलं आहे. ते कुठे अडतं हे विचारायचं असेल तर तिथल्याच माणसाला विचारा.

काय येऊ नये तेही आदेशात लिहा. वेतनश्रेणी, बढती, बदली, कुणाही व्यक्तीविरुद्धची तक्रार किंवा चौकशी हे विषय समितीचे नाहीत. सेवाशर्तींना १९८४ ची प्रमाण संहिता आहे. समितीच्या ठरावानं तिच्यातलं अक्षरही बदलत नाही. ही मर्यादा आधीच सांगितली की पुढे फसवणूक झाल्यासारखं कुणाला वाटत नाही.

शेवटी एक विनंती. बैठक कामाच्या वेळेत घ्या, त्या वेळात सदस्य कर्तव्यावर आहेत असं धरा. पाच वाजल्यानंतर बोलावलेल्या बैठकीला घरी स्वयंपाक असलेली बाई थांबू शकत नाही, आणि शेवटची एसटी गाठायची असलेला शिपाईही नाही.

प्रश्न: मी कनिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे सल्लागार समिती नेमली, पण नावं प्राचार्यांनीच टाकली, सगळी मर्जीतली. आमची संघटना म्हणते, ही समिती म्हणजे संघटनेला पर्याय उभा करायचा डाव आहे, बहिष्कार टाका. मला कळत नाही काय करावं.

संघटनेची शंका अनाठायी नाही. नेमलेल्या सदस्यांच्या तोंडून "कर्मचाऱ्यांची काही तक्रार नाही" असं वदवून घेणं फार सोपं असतं. आपल्या देशात यावर जुना विचार झालेला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कार्य समितीची तरतूद केली, तेव्हा दोन गोष्टी त्यातच घातल्या: कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, आणि त्यांची निवड नोंदणीकृत संघटना असेल तर तिच्याशी विचारविनिमय करून व्हावी. महाविद्यालयाची सल्लागार समिती म्हणजे त्या कायद्यातली कार्य समिती नव्हे, हे खरं. पण दोन्ही तत्त्वं तुमच्या प्राचार्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत.

तरीही मी आज बहिष्कार टाका म्हणणार नाही. संघटनेचं काम वेगळं आहे आणि ते या समितीनं होणारही नाही. आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी), रिक्त पदांची भरती, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची पेन्शन यातलं काहीही प्राचार्यांच्या सहीनं सुटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तो सरकारसमोर, कारण निर्णय मंत्रालयात होता. उलट तुमच्या रेकॉर्ड रूमचं छत, सेवापुस्तकातल्या राहिलेल्या नोंदी, नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा न मिळालेलं प्रशिक्षण हे सगळं तुमच्याच इमारतीत सुटतं. संघटनेचे जिल्हाध्यक्ष त्यासाठी किती वेळा येतील?

म्हणून आधी लेखी मागणी करा. सर्वांच्या सह्यांचं एक पानी निवेदन: सदस्य कर्मचाऱ्यांनी निवडावेत, प्रत्येक वर्गाला जागा असावी, प्रत्येक शिफारशीला मुदतीत लेखी उत्तर मिळावं. विकास समितीवर तुमचा निवडून आलेला प्रतिनिधी असेलच. निवेदनाची एक प्रत त्याच्या हातात द्या आणि पुढच्या बैठकीत विषय घ्यायला सांगा. ज्यांची नावं टाकली आहेत त्यांच्याशीही बोला, ते तुमचेच सहकारी आहेत. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी नेमलेल्या सदस्यांनीच प्राचार्यांना सांगितलं, की आम्हाला निवडून येऊ द्या, म्हणजे आमच्या शब्दाला वजन येईल. प्राचार्यांनी मानलं. तुमच्याकडे तसं झालं नाही आणि निवेदनाला उत्तरच आलं नाही, तर मग बाजूला व्हा, आणि का होत आहात तेही लिहून द्या.

निवडणूक झाली तर संघटनेच्या सभासदांनी जरूर उभं राहावं, स्वतःच्या नावानं. संघटनेची शिस्त एक आणि समितीतलं मत एक, असं दोन्ही सांभाळणारी माणसं असतात. तीच निवडा.

प्रश्न: आमची समिती रीतसर निवडून आली, मी तिचा अध्यक्ष आहे, प्रयोगशाळा सहायक. पण बैठकीत आम्ही दोघं-तिघंच बोलतो. शिपाई वर्गातले तिघं मान हलवतात आणि जातात. त्यांना बोलतं कसं करावं?

दादा, तुमची बैठक होते कुठे? तुमच्या पत्रात ते नाही, पण मी अंदाज करते: प्राचार्यांच्या दालनाशेजारच्या सभागृहात, लांब टेबलाभोवती. ज्या खोलीत शिपाई आयुष्यभर पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि दाराशी उभा राहिला, त्या खोलीत तो एका दिवसात सदस्य होत नाही. जागा बदला. ग्रंथालयाचा वाचनकक्ष किंवा एखादा साधा वर्ग घ्या आणि खुर्च्या गोल मांडा.

दुसरं, चहा. समितीच्या बैठकीत सदस्य असलेल्या शिपायानं किंवा मावशींनी चहा वाटायचा नाही, म्हणजे नाहीच. आमच्या पहिल्या बैठकीत विषयपत्रिका सुरू होताच आमच्या शिपाईकाकांनी सवयीनं उठून किटली हातात घेतली आणि पुढचा अर्धा तास ते कपबशांतच राहिले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणी थांबवलंही नाही. पुढच्या बैठकीपासून चहा कॅन्टीनच्या मुलानं आणून ठेवायचा आणि ज्यानं-त्यानं उठून घ्यायचा, असं ठरलं. ते इतिवृत्तात लिहिलं, मुद्दाम. ती ओळ वाचून बाहेरच्या काही जणांना ती क्षुल्लक वाटली. मला ती त्या वर्षातली सर्वांत मोलाची नोंद वाटते, कारण त्यानंतर काका बोलायला लागले.

तिसरं, क्रम. नेहमी वरून सुरुवात होते: आधी मुख्य लिपिक, मग ग्रंथालय, शेवटी "तुम्हाला काही म्हणायचंय का?" तोवर बोलायचं सगळं होऊन गेलेलं असतं. तुम्ही उलटा क्रम लावा. आणि "काही अडचण?" असं मोघम विचारू नका. "मागच्या आठवड्यात एकच काम दोनदा करावं लागलं, असं काय झालं?" असं विचारा. माणूस तक्रार करायला कचरतो, कामाचं वर्णन करायला कचरत नाही. वर्गखोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे असतात, संध्याकाळी उशिराचा तास संपल्यावर कुलूप कोण लावतं, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी फर्निचर किती मजले चढवलं-उतरवलं, या गोष्टी ऐकल्या की शिफारशी आपोआप दिसतात.

विषयपत्रिका बैठकीआधी आठवडाभर फलकावर लावा, म्हणजे सदस्य आपल्या गटात बोलून येतील. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना कुणीतरी ती समोर बसून वाचून दाखवावी. घाई करू नका. बोलायची सवय लागायला दोन-तीन बैठका जातातच.

प्रश्न: ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांना समितीत घ्यावं का? आमचे संस्थाचालक म्हणतात, ती आपली माणसं नाहीत.

घ्यावं. विकास समितीच्या निवडणुकीत मत फक्त नियमित कर्मचाऱ्यांना आहे, ते कायद्यानं ठरलेलं आहे. सल्लागार समितीला ती अट लागू होत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी किती वाजता संपतं, मागच्या फाटकाशी कोण उभं राहतं हे या माणसांइतकं कुणाला माहीत नसतं. जागा एक असली तरी चालेल, पण बैठकीची वेळ त्यांच्या पाळीत बसवा आणि त्या वेळाचा त्यांचा खाडा लागणार नाही, असं ठेकेदाराला महाविद्यालयानं लेखी कळवावं. ही ओळ राहिली तर बैठकीला आलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी जाते आणि पुढच्या वेळी ती येत नाही. त्यांची मजुरी थकली, भविष्य निर्वाह निधी भरला गेला नाही, असं काही समितीत निघालं तर ते शिफारशीत घालून महिनाभर वाट बघू नका; त्याच दिवशी प्राचार्यांना वेगळं पत्र द्या.

प्रश्न: मी एका महाविद्यालयात काम करते. कार्यालयातल्या एका वरिष्ठाचं वागणं मला नकोसं आहे. फार लिहू शकत नाही. आमच्या सल्लागार समितीत हे मांडू का?

ताई, नाही. ही गोष्ट सल्लागार समितीत मांडू नका. तिथं नऊ माणसं बसतात आणि इतिवृत्त फलकावर लागतं. तुमचं नाव गुप्त राहणार नाही. यासाठी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक केलं आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्रीच असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला असतो. उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे या समितीत दोन शिक्षकेतर कर्मचारीही असायला हवेत. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. उशिराला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी, आणि नावं गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. लिहिताना अडचण येत असेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे अध्यक्षांचं किंवा सदस्यांचं कामच आहे.

तारीख, वेळ, कोण जवळ होतं, हे आज रात्रीच एका वहीत लिहून ठेवा. मोबाईलवरचे संदेश पुसू नका.

सल्लागार समित्यांच्या सदस्यांना मात्र यातलं एक काम करता येईल. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन क्रमांक दर्शनी फलकावर आहेत का, आणि ते चालू वर्षाचे आहेत का, हे पुढच्या बैठकीत पाहा. निवृत्त झालेल्या मॅडमचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहिलेले फलक मी पाहिले आहेत.

प्रश्न: समितीचं इतिवृत्त मराठीत लिहावं की इंग्रजीत? नॅकच्या फाईलला ते चालेल का?

मराठीत लिहा. ज्यांच्यासाठी समिती आहे त्यांना फलकाशी उभं राहून ते वाचता आलं पाहिजे. नॅकच्या सहाव्या निकषात, म्हणजे प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनात, कर्मचाऱ्यांच्या सहभागाची माहिती द्यायची असते. तिथं इंग्रजी गोषवारा जोडता येतो. मात्र भेट ठरल्यावर मागच्या तारखांची इतिवृत्तं लिहायला बसू नका, आणि तुम्हाला तसं लिहायला सांगितलं तर नकार द्या. अनुदानित महाविद्यालय माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतं. उद्या एखाद्या शिपायानंही त्या बैठकीच्या हजेरीची प्रत मागितली तर ती द्यावी लागते.

इतिवृत्ताचं पान तीन रकान्यांचं करा: शिफारस, प्राचार्यांचं उत्तर, प्रत्यक्ष काय झालं. तिसरा रकाना पुढच्या बैठकीत, विषयपत्रिकेच्या आधी भरायचा.